गोठ्यातले प्रश्न : गुलाबी सरकी, ‘इमिडा’ आणि दावणीची जनावरं

जून-जुलैचं टपाल एरवी फऱ्या-घटसर्पाच्या लसीनं भरलेलं असतं. यंदा निम्म्याहून अधिक पत्रं एकाच गोष्टीवर आली आहेत: कपाशीवरचं कीटकनाशक ‘इमिडा’ (इमिडाक्लोप्रिड), आणि ते जनावराच्या पोटात गेलं तर काय? म्हणून म्हशीचं अंग बाहेर येण्याचे आणि कालवडी माजावर न येण्याचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते आहे. ज्यांनी ते विचारलेत त्यांनी रागावू नये.

आधी एक खुलासा, म्हणजे प्रत्येक उत्तरात तेच लिहावं लागणार नाही. इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन, डायनोटेफ्युरान, थायाक्लोप्रिड ही सगळी एका घराण्यातली कीटकनाशकं. घराण्याचं नाव निओनिकोटिनॉइड. मी पुढे ‘निओनिक’ म्हणेन. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर ती चालतात. पहिलं इमिडाक्लोप्रिड, ते १९९१च्या सुमारास बाजारात आलं. तंबाखूतलं निकोटिन मज्जातंतूंच्या ज्या जागी जाऊन बसतं तिथंच हीही बसतात. किड्याच्या अंगात ती जागा त्यांना घट्ट धरून ठेवते, आपल्या आणि गाईगुरांच्या अंगात सैल धरते. ‘सस्तन प्राण्यांना कमी विषारी’ असं जे म्हटलं जातं त्याचं मूळ इथं आहे. ते खोटं नाही. ते कुठपर्यंत खरं आहे, एवढाच आजच्या सगळ्या पत्रांचा प्रश्न आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, पेरणीनंतर उरलेलं बीटी कपाशीचं पाकीट कोठ्याच्या खिडकीत ठेवलं होतं. शेळीनं ते ओढून अर्धंअधिक खाल्लं. तासाभरात तिचे पाय लटपटायला लागले, अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी पाकीट पाहिलं, सलाईन लावलं, नळीनं काळी पूड पाण्यातून पाजली. मी ॲट्रोपिनचं इंजेक्शन द्या म्हणत होतो, कारण गेल्या वर्षी माझ्या बैलाला विषबाधा झाली तेव्हा त्यानंच तो वाचला होता. त्यांनी दिलं नाही. शेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चरायला लागली. पण डॉक्टरांनी हयगय केली असं मला अजून वाटतं. बरोबर की चूक? (एक पशुपालक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

डॉक्टरांनी हयगय केली नाही. उलट त्यांनी आधी पाकीट पाहिलं आणि मग सुई हातात घेतली, याबद्दल त्यांना एक चहा पाजा.

तुमच्या बैलाच्या अंगात गेल्या वर्षी बहुधा मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखं ऑरगॅनोफॉस्फेट गेलं असणार. ती औषधं शरीरातलं एक विकर बंद पाडतात. मग मज्जातंतूंमधला संदेश पोचवणारा पदार्थ, ॲसिटिलकोलिन, साफच होत नाही आणि साचत जातो. लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ हगवण, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. तिथं ॲट्रोपिन म्हणजे जीव, आणि ते भरपूर द्यावं लागतं. शेळीनं खाल्लं ते बियाण्याला चोळलेलं निओनिक, आणि निओनिकमध्ये ते विकर बंद पडतच नाही. विष स्वतःच तंतूच्या जागेवर बसून ती चेतवत राहतं, आणि त्याला साफ करणारं विकर तिथं नाही. त्यावर ठरलेला असा उतारा कोणताच नाही. ऑरगॅनोफॉस्फेटसाठी जे पॅम देतात तेही इथं कामाचं नाही. झटके आले तर ते थांबवायचे, श्वास सांभाळायचा, पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि पोटात उरलेलं विष कोळशाच्या पुडीला चिकटवून बाहेर काढायचं. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलं. काळी पूड म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल. चुलीतला कोळसा कुटून पाजू नका, तो वेगळा.

ॲट्रोपिन ‘दिलं तर काय बिघडतं’ असंही पत्रात तुम्ही पुढे विचारलंय. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट त्यानं थंडावतं. ढवळणं थांबतं, पोट फुगतं. शेळीला आधीच अंगात त्राण नाही, त्यात पोटफुगी. कारण नसताना ते ओतायचं औषध नाही. लाळ फारच आली, हृदयाचे ठोके खूप मंदावले, तर डॉक्टर थोडं देतीलही. तो त्यांचा निर्णय.

आता हिशोब करू, कारण ‘गुलाबी रंगाच्या बिया, त्यानं काय होतंय’ असं म्हणणारे घरोघरी आहेत. सरकीला इमिडाक्लोप्रिड ७० डब्ल्यूएस किलोमागे ५ ते १० ग्रॅम चोळतात. त्यातलं ७० टक्के खरं विष, म्हणजे किलोभर सरकीवर साडेतीन ते सात ग्रॅम. ४७५ ग्रॅमच्या एका पाकिटावर साधारण १.७ ते ३.३ ग्रॅम आलं. शेळी पंचवीस किलोची धरा. तिनं सगळं पाकीट संपवलं तर तिच्या वजनाच्या किलोमागे ६६ ते १३३ मिलिग्रॅम पोटात गेलं. प्रयोगशाळेतली निम्मी पांढरी उंदरं, म्हणजे लहान माऊस, किलोमागे सुमारे १३१ मिलिग्रॅमला मरतात. मोठ्या रॅटला त्यासाठी ४५०च्या आसपास लागतं. शेळी यातली कुठलीच नाही, पण आकडे किती जवळ येतात ते पाहा. तुमच्या शेळीनं अर्धंअधिक खाल्लं, त्यातलं काही टरफलासकट तसंच लेंडीतून गेलं असेल, म्हणून ती लटपटली आणि उठली. पाठीशी करडू असतं आणि तेच पाकीट त्यानं खाल्लं असतं तर हे पत्र वेगळं असतं.

रॅटमध्ये असा डोस दिल्यावर जे दिसतं तेच तुम्ही शेळीत पाहिलं: सुस्ती, थरथर, तोल जाणं, श्वासाला त्रास. आणि जे जगतात ते लवकर सावरतात, कारण हे विष अंगात फार टिकत नाही. रॅटच्या अंगातून इमिडाक्लोप्रिडचा ९६ टक्क्यांच्या आसपास भाग ४८ तासांत बाहेर पडतो, बराचसा लघवीतून. म्हणून सलाईन. ती ‘नुसती पाण्याची बाटली’ नव्हती.

शेजारच्यांनी गोडेतेल आणि ताक पाजायला सांगितलं होतं आणि तुम्ही पाजलं नाहीत, हे पत्रात वाचून बरं वाटलं. ज्या जनावराला मान धरवत नाही त्याच्या तोंडात काहीही ओतलं की ते श्वासनलिकेत जातं. विषानं न मेलेलं जनावर चौथ्या दिवशी फुप्फुसाच्या सुजेनं जातं आणि दोष विषावर येतो. माझ्या नोकरीत विषबाधेपेक्षा पाजण्यानं गेलेली जनावरं जास्त असतील, असं मला राहून राहून वाटतं.

आणि हो, कच्च्या सरकीत स्वतःचं एक विष असतं, गॉसिपॉल. ते असं तासाभरात लटपटवत नाही, आठवड्यांनी आणि बहुतेक वासरा-करडांना त्रास देतं. तेव्हा यात त्याचा संशय घेऊ नका. उरलेलं बियाणं मात्र खिडकीत ठेवायचं नाही, कोंबड्यांना टाकायचं नाही आणि धुऊन ढेपेच्या सरकीत तर कधीच मिसळायचं नाही. पाकिटावर ते छापलेलं असतं.

प्रश्न : मी कृषी पदविका करून चुलत्यांच्या कृषी केंद्रात बसतो. कंपनीच्या सभेत सांगतात की इमिडाक्लोप्रिड कॉफीतल्या कॅफिनपेक्षा कमी विषारी आहे, एलडी ५० पाहा. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मीही तेच सांगतो. यात काही चूक आहे का? (एक वाचक, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती)

आकडा चुकीचा नाही. त्यावरून जे सांगता ते चुकीचं आहे.

एलडी ५० म्हणजे एकदाच दिलेल्या ज्या डोसनं निम्मे प्राणी मरतात तो डोस. आकडा जितका मोठा तितकं विष सौम्य. रॅटच्या तोंडावाटे मोनोक्रोटोफॉसचा वीसच्या आसपास, इमिडाक्लोप्रिडचा ४५०च्या आसपास, थायामेथोक्झामचा १५६३, ॲसिटामिप्रिडचा नरात २१७ आणि मादीत १४६, सगळे किलोमागे मिलिग्रॅममध्ये. एका घराण्यातल्या दोन औषधांत दहापट फरक आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. तेव्हा ‘निओनिक सौम्य असतं’ असं सरसकट म्हणूच नका. कातडीवाटे मात्र इमिडाक्लोप्रिड फारच कमी शिरतं, तिथला आकडा ५००० च्या पुढे आहे. मोनोक्रोटोफॉसच्या जागी हे आलं ते फवारणाऱ्याच्या बाजूनं चांगलंच झालं, यात मला शंका नाही. श्रीलंकेत इमिडाक्लोप्रिड अंगात गेलेल्या ६८ रुग्णांचा अभ्यास २००९मध्ये छापून आला. बहुतेकांना मळमळ, उलट्या, डोकेदुखी एवढंच झालं, एकाला कृत्रिम श्वास द्यावा लागला, दगावलं कुणी नाही. ऑरगॅनोफॉस्फेटचे ६८ रुग्ण असते तर वॉर्डाचं चित्र काय असतं ते कोणत्याही जिल्हा रुग्णालयातल्या सिस्टरला विचारा. पण तैवानमध्ये याच औषधानं माणसं गेल्याच्या नोंदी आहेत, हेही त्याच दमात सांगायला हवं.

आता एलडी ५० काय सांगत नाही ते पाहा. ते रोज थोडं थोडं गेलं तर काय, हे सांगत नाही. गर्भातल्या पिल्लाचं सांगत नाही. त्यातल्या द्रावकाचं सांगत नाही. १७.८ एसएलच्या बाटलीत इमिडाक्लोप्रिड पाचवा हिस्साही नाही. बाकीच्यात एनएमपीसारखं द्रावक असू शकतं, जे घसा-अन्ननलिका पोळतं. पोटात गेल्यावर रुग्णाला जी जळजळ होते ती बऱ्याचदा या द्रावकाची. आणि ते मिश्रणाचं तर मुळीच सांगत नाही. तुमच्याच फळीवर ॲसिफेट ५० टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड १.८ टक्के अशी पुडी असेल. गिऱ्हाईक तिला ‘इमिडावाली’ म्हणतं. तिच्यात मारणारं ॲसिफेट आहे, ते ऑरगॅनोफॉस्फेट, आणि तिथं ॲट्रोपिनच लागेल. वरच्या पत्रातला उपचार इथं केला तर जनावर हातचं जाईल. म्हणून बाटलीवरचं नाव पूर्ण वाचायचं, टक्केवारीसकट.

एक गोष्ट अशी आहे जी सभेत सांगत नाहीत, कारण ती पत्रकावर बसत नाही. इमिडाक्लोप्रिडच्या रेणूच्या टोकाला नायट्रो गट असतो. त्या टोकाला ऋण भार असतो, म्हणून ते किड्याच्या जागेला आवडतं आणि आपल्या जागेला आवडत नाही. निकोटिनचं नेमकं उलटं, त्याला धन भार. पण इमिडाक्लोप्रिड सस्तन प्राण्याच्या यकृतात गेलं की काही भागाचा तो नायट्रो गट गळतो. जे उरतं, डेसनायट्रो-इमिडाक्लोप्रिड, त्याचा भार निकोटिनसारखा होतो आणि ते आपल्या तंतूंच्या जागेवर जवळजवळ निकोटिनइतकंच घट्ट बसतं. भार असल्यामुळे त्याला मेंदूत शिरणं अवघड जातं, हे आपलं नशीब. मुद्दा असा की सौम्यपणा मूळ रेणूचा आहे, अंगात त्याचं जे होतं त्याचा नाही. कॅफिनशी तुलना करणाऱ्याला हे एकदा विचारून पाहा. गिऱ्हाइकाला मात्र लेबलवरचा रंगीत त्रिकोण दाखवा. लाल म्हणजे एलडी ५० पन्नासपर्यंत, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्या पुढे. कॉफीचा किस्सा सांगण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : आमच्याकडे एक लॅब्रेडॉर आणि दोन मांजरी. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब आणले, त्यात इमिडाक्लोप्रिड आहे. थोडे उरलेत ते मांजरींना टाकले तर चालतील का? आणि गावाकडे भाऊ गाईंच्या गोचिडांवर शेतातलंच इमिडाक्लोप्रिड पाण्यात मिसळून पुसतो, तेही तेच ना? (एक वाचक, पुणे)

ताई, मांजरींना टाकू नका. आधी हे, मग कारण.

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळ्याच्या कुळातला. इमिडाक्लोप्रिड पिसवा आणि उवांना मारतं, गोचिडाला एकट्यानं फारसं काही करत नाही. म्हणून कुत्र्यांच्या गोचिडांच्या थेंबांत त्याच्या जोडीला परमेथ्रिन घातलेलं असतं. आणि परमेथ्रिन मांजराच्या जिवावर उठतं, कारण ते मोडून टाकायची यकृतातली एक वाट मांजरात फार अरुंद असते. कुत्र्याचा डोस मांजराच्या मानेवर पडला की काही तासांत कान-चेहरा फडफडतो, मग अंग थरथरतं, मग झटके. कुत्र्याला थेंब टाकल्यावर ते वाळेपर्यंत मांजरी त्याच्या अंगाला लागून झोपणार नाहीत एवढं पाहा. चुकून लागलंच, तर भांडी घासायच्या पातळ साबणानं कोमट पाण्यात अंग धुवायचं, कोरडं करून उबेत ठेवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. मांजरांसाठी नुसत्या इमिडाक्लोप्रिडचे वेगळे थेंब मिळतात. ते मान-पाठीच्या अशा जागी टाकतात जिथं तिची जीभ पोचत नाही. चाटलेच तर कडू चवीनं फेस येतो, त्यानं घाबरू नका.

भावाला सांगा की तो गोचिडावर चालत नाही असं औषध, जनावराच्या कातडीसाठी न बनवलेल्या द्रावकातून, गाईच्या अंगावर फासतो आहे. गाय स्वतःचं अंग चाटते. वासरू तिला चाटतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात गोचिडांसाठी म्हणूनच बनवलेलं औषध मिळतं, आणि गोठ्याच्या भिंतींच्या फटी, गव्हाणीखालची माती यांच्यावर काम केल्याशिवाय कुठल्याच औषधानं गोचीड हटत नाही.

प्रश्न : आम्ही बाया पऱ्हाटीत निंदायला जातो. एक दिवस आधी फवारणी झालेली असते. मला पाचवा महिना आहे. मालक म्हणतात हे औषध फक्त किड्यांना लागतं, बाईमाणसाला नाही. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात, पण जनावरांत काय होतं ते सांगा, त्यावरून मी ठरवीन. (एक वाचक, ता. कळंब, जि. यवतमाळ)

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतका नेमका प्रश्न शिकल्यासवरलेले विचारत नाहीत.

तुमच्या पोटातल्या बाळाचं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनीच पाहायचं. मी जनावरांतलं सांगते.

जपानमध्ये २०१२ साली नुकत्याच जन्मलेल्या रॅटच्या लहान मेंदूतल्या पेशी काढून त्यांच्यावर इमिडाक्लोप्रिड आणि ॲसिटामिप्रिड टाकून पाहिलं गेलं. त्या पेशी निकोटिननं जशा चेतवल्या जातात तशाच चेतवल्या गेल्या. ‘सैल धरतं’ असं मी वर लिहिलं, ते मोठ्या, घडलेल्या मेंदूचं. घडत असलेल्या मेंदूत याच जागा पेशींना कुठे जायचं, कुठे जोडायचं ते ठरवत असतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१३च्या डिसेंबरात याच्या आधारे सांगितलं की ही दोन औषधं वाढत्या मज्जासंस्थेवर परिणाम करू शकतात. मग २०२४मध्ये तिनं ॲसिटामिप्रिड रोज किती पोटात गेलं तर चालेल त्याची मर्यादा पाचपट खाली आणायची शिफारस केली, किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅमवरून ०.००५ वर. दहा किलोच्या लेकराचं धरलं तर पाव मिलिग्रॅमवरून त्याच्या पाचव्या हिश्श्यावर. एवढी वर्षं वापरलेल्या औषधाची मर्यादा कुणी अशी उगीच कमी करत नाही.

दुसरं हरणांचं. अमेरिकेत साउथ डकोटात पांढऱ्या शेपटीची हरणं कुंपणात पाळून त्यांच्या पिण्याच्या पाण्यात इमिडाक्लोप्रिड घातलं. २०१९मध्ये ते निष्कर्ष छापले गेले. जी पाडसं मेली त्यांच्या प्लीहेत जगलेल्यांपेक्षा जास्त इमिडाक्लोप्रिड होतं. प्लीहेत ते जास्त असलेल्या पाडसांची वजनं कमी, जबड्याची हाडं आखूड. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, ज्यांना साधं पाणी दिलं होतं त्यांच्यातही ते थोडं सापडलं. आणि शेजारच्या नॉर्थ डकोटातल्या रानातल्या हरणांच्या प्लीहा तपासल्या तर काहींत कुंपणातल्यांपेक्षा जास्त होतं. त्यांना कुणी पाण्यात घालून पाजलं नव्हतं, ती नुसती शेतांच्या बाजूनं चरत होती. तैवानमध्ये वटवाघळांना ते देऊन पाहिलं तर त्यांचा रोजचा रस्ता चुकायला लागला.

या सगळ्यांतून तुमच्या बाळाला अमुकच होईल असं निघत नाही. मालक म्हणतात तसं ‘बाईमाणसाला लागत नाही’ हेही त्यातून निघत नाही. काहीजण तुम्हाला सांगतील की युरोपनं ही औषधं माणसांना घातक म्हणून बंद केली. तेही तसं नाही. २०१८मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम उघड्या शेतात वापरायला तिथं बंदी आली ती मधमाश्यांमुळे. थायाक्लोप्रिडचा परवाना मात्र २०२०मध्ये नूतन केला नाही, आणि त्यामागच्या कारणांत जननक्षमतेला धोका हे एक कारण होतं.

माझं म्हणणं विचाराल तर: पोट असेपर्यंत विष मिसळणं, पंप भरणं, सरकीला औषध चोळणं या कामाला अजिबात जायचं नाही. या तिन्ही ठिकाणी घट्ट विष हाताला लागतं, झाडावरचं पातळ नव्हे. निंदणाला जावंच लागत असेल तर ज्या पट्ट्यात कालच पंप फिरला तो सोडून दुसरा पट्टा मागायचा. पान ओलं असताना तर नाहीच. लांब बाह्यांचा सदरा, पाय झाकलेले. भाकरी सोडायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, बांधावरच्या डबक्यात खळबळायचे नाहीत, तिथंच बहुतेक पंप धुतलेला असतो. घरी आल्यावर ते लुगडं घरच्या कपड्यांत नाही, वेगळं धुवायचं.

आणि मालकांना एक आठवण द्या. २०१७च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात फवारणीनं वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि पंपात एकावर एक औषधं मिसळलेली. त्यानंतर सरकारनं यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री साठ दिवस थांबवली. त्या पाचांत फिप्रोनिल अधिक इमिडाक्लोप्रिड ही जोडीही होती. ‘फक्त किड्यांना लागतं’ असं तेव्हाही म्हणत होते.

प्रश्न : फवारलेल्या कपाशीच्या शेतात शेळ्या शिरल्या तर किती धोका? (एक वाचक, ता. हिंगणघाट)

नुसतं इमिडाक्लोप्रिड असेल आणि फवारा वाळलेला असेल, तर तुम्ही समजता त्याहून कमी. १७.८ एसएल हेक्टरी १०० ते १२५ मिली फवारतात, म्हणजे हेक्टरभर झाडांवर २० ते २५ ग्रॅम विष. एका गुंठ्याच्या वाट्याला पाव ग्रॅम येतं. एका शेळीनं गुंठाभर कपाशीचं पानन् पान खाल्लं तरी तिच्या किलोमागे १० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि तेवढं खाईपर्यंत तुम्ही काठी घेऊन पोचलेले असाल.

खरा धोका बांधावर असतो. २५० मिलीच्या बाटलीत ५० ग्रॅमच्या आसपास इमिडाक्लोप्रिड असतं, म्हणजे दोन-अडीच हेक्टरचं एका जागी. तळाला राहिलेला चमचाभर, औषध मोजलेलं झाकण, ज्या ड्रममध्ये मिसळलं त्यातलं उरलेलं पाणी. जून-जुलैत तहानलेलं वासरू आधी ड्रमकडे जातं. तीस किलोच्या वासराच्या पोटात मूळ बाटलीतलं ५० मिली गेलं तर किलोमागे ३००हून जास्त होतं, आणि त्याला चारकोलची वेळसुद्धा मिळणार नाही. ड्रम पालथा घालून ठेवा. बाटल्या तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे उद्या कुणी त्यात तेल भरणार नाही.

शेतात दुसरं काही मिसळलं होतं का हे माहीत नसेल, तर मात्र वरचा सगळा हिशोब सोडा आणि लेबलवरचा थांबण्याचा काळ पाळा.

प्रश्न : गाईनं इमिडाक्लोप्रिडचं पाणी प्यायलं होतं, आता ठीक आहे. दूध कधीपासून डेअरीला घालू? (एक वाचक, ता. सेलू, जि. वर्धा)

बहुतेक विष लघवीतून आणि शेणातून जातं, पण थोडं दुधात उतरतं. दोन दिवसांत मोठा भाग निघून जातो हे रॅटमधलं मोजमाप. गाईचं पोट मोठं, त्यात चारा साचून राहतो, म्हणून मी शेवटचं लक्षण गेल्यापासून पाच दिवस दूध बाजूला काढायला सांगते. तुमच्या डॉक्टरांनी जास्त सांगितले असतील तर त्यांचं ऐका, त्यांनी गाय पाहिली आहे. पाचही दिवस धार पूर्ण काढायची, नाहीतर कास सुजेल आणि तुमचं पुढचं पत्र दगडीवर येईल. ते दूध वासराला नाही, कुत्र्याला नाही, घरच्या चहालाही नाही. विहिरीपासून लांब खड्डा करून त्यात ओता. वासराला तेवढे दिवस दुसऱ्या गाईचं पाजा. नसेल तर शेजाऱ्याकडून विकत घ्या. पुन्हा तशी वेळ आली तर १९६२ वर फोन करा, आणि डॉक्टर येईपर्यंत ती बाटली कुणाला फेकू देऊ नका.